सुपर १२० आणि जावळ : लोकरीची प्रत ठरवणारा अंक कोणाच्या सोयीचा?

#थ्रेड #इतिहास #सोलापूर

१/
लग्नसराईत सोलापूरच्या नवी पेठेत सुटाचे कापड पाहायला गेलेल्या माणसापुढे ठाण उलगडले जाते आणि त्याच्या काठावरची अक्षरे दाखवली जातात : 'सुपर १००', 'सुपर १२०', 'सुपर १५०'. अंक चढत जातो तशी किंमत चढत जाते. याच जिल्ह्यातील पंढरपुरात घोंगड्यांचीही दुकाने आहेत. घोंगडीच्या काठावर मात्र कोणताही अंक नसतो. दोन्ही वस्तू मेंढीच्या लोकरीच्याच. मग एकीला 'प्रत' आहे आणि दुसरी नुसतीच 'जाडीभरडी', हा समज आला कोठून?

२/
थ्रेडचे म्हणणे आरंभीच मांडलेले बरे. लोकरीचा अंक खोटा नाही. तो एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर आहे : हा तंतू किती बारीक आहे? हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडच्या गिरण्यांना पडलेला होता. पुढे त्यांच्या सोयीचे माप साऱ्या जगाच्या लोकरीची लायकी ठरवू लागले. त्यात दख्खनची मेंढी तळाशी गेली आणि तिच्याबरोबर धनगर-सणगरांचे ज्ञानही.

३/
सोलापूरला 'काउंट' हा शब्द नवा नाही. १८७४ साली स्थापन झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे लोकांच्या तोंडची 'जुनी मिल', उभी राहिल्यापासून २० नंबरचे सूत, ४० नंबरचे सूत ही या शहराची रोजची भाषा झाली. सुती धाग्याच्या इंग्रजी मोजणीत ८४० वारांची एक लड धरतात. एक पौंड, म्हणजे जुन्या बोलीतील एक रत्तल, सुतात अशा जितक्या लडी बसतील तितका त्याचा काउंट. धागा बारीक, तर लडी अधिक आणि अंकही मोठा.

४/
लोकरीचा हिशेबही याच घराण्यातला. यॉर्कशरमधील ब्रॅडफर्ड ही वर्स्टेड कापडाची राजधानी. वर्स्टेड म्हणजे लोकर विंचरून, आखूड तंतू काढून टाकून, लांब तंतू समांतर लावून कातलेला गुळगुळीत धागा. सुटाचे कापड मुख्यतः याचेच. तेथे लड धरली ५६० वारांची. एक पौंड विंचरलेल्या लोकरीतून अशा ६४ लडी निघू शकत असतील, तर ती लोकर '६४ची'. ६४ गुणिले ५६० म्हणजे ३५,८४० वार, सुमारे ३३ किलोमीटर. अर्धा किलोही न भरणाऱ्या लोकरीचा तो धागा सोलापूरहून जवळजवळ मोहोळ गाठेल.

५/
यात एक बारकावा आहे. हा अंक प्रत्यक्ष कातलेल्या धाग्याचा नव्हता. या लोकरीतून जास्तीत जास्त किती बारीक धागा निघू शकेल, याचा तो अंदाज होता. तो बांधत असे लोकर निवडणारा कसबी कारागीर, बोटांच्या स्पर्शाने आणि नजरेने. म्हणजे ज्या अंकाला आज यंत्राइतके निःपक्षपाती मानले जाते, त्याचा जन्म माणसाच्या हातात झाला.

६/
गिरणीला बारीक तंतूचेच इतके अप्रूप का? धागा सलग आणि मजबूत राहायचा, तर त्याच्या आडव्या छेदात साधारण ३५ ते ४० तंतू असावे लागतात. तंतू जाड असतील, तर इतके तंतू एकत्र येताच धागाही जाड होतो. तंतू बारीक असतील, तर तितक्याच तंतूंचा धागा बारीक निघतो आणि त्याचे कापड तलम, हलके विणता येते. त्यामुळे तंतूची बारकाई हा गिरणीसाठी रोकडा हिशेब होता.

७/
ही बारकाई ज्या मेंढीत होती ती स्पेनची मेरिनो. १२७३ पासून स्पेनमध्ये 'मेस्ता' ही मेंढीमालकांची शक्तिशाली संघटना होती आणि मेरिनो देशाबाहेर जाऊ नये म्हणून दीर्घकाळ पहारा होता. १७६५ साली स्पेनच्या राजाकडून सॅक्सनीला मेरिनोंचा कळप गेला. १७९७ मध्ये केप ऑफ गुड होपमार्गे काही मेरिनो ऑस्ट्रेलियात पोहोचल्या. पुढच्या शतकात ऑस्ट्रेलियाची लोकर आणि यॉर्कशरची गिरणी यांची जोडी जमली. आज भारतातील उंची सुटाच्या कापडाची लोकरही मुख्यतः ऑस्ट्रेलियातूनच येते.

८/
अमेरिकेतील जुनी प्रतवारी तर अधिक बोलकी आहे. तेथे लोकरीच्या प्रती 'रक्ता'च्या हिशेबाने सांगत : अर्धे रक्त, तीन-अष्टमांश रक्त, पाव रक्त. रक्त कोणाचे? मेरिनोचे. मेंढीत मेरिनोचा अंश जितका, तितकी तिची लोकर कुलीन. पुढे या संज्ञांचा वंशाशी संबंध उरला नाही. त्या केवळ जाडी दाखवू लागल्या, पण शब्द टिकून राहिले. प्रतवारीच्या भाषेत उच्चनीचता कशी मुरते, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

९/
पुढे बोटांच्या जागी मायक्रॉन आला. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. अमेरिकी कृषी खात्याने १९२६ साली लोकरीच्या प्रती अधिकृत केल्या आणि १९६८च्या मानकांत प्रत्येक प्रतीला मायक्रॉनची मर्यादा घातली. त्या कोष्टकात '८०ची' लोकर १७.७० ते १९.१४ मायक्रॉनची, '६४ची' २०.६० ते २२.०४ची आणि सर्वांत खाली '३६ची' ३८.१० ते ४०.२० मायक्रॉनची.

१०/
दख्खनी मेंढीच्या लोकरीची सरासरी जाडी साधारण ३० ते ४० मायक्रॉनच्या पट्ट्यात येते. शिवाय तिच्यात पोकळ गाभ्याचे, केसासारखे राठ तंतू पुष्कळ असतात आणि रंग बहुधा काळा, म्हणजे हवा तो रंग चढवायला निरुपयोगी. त्यामुळे वरच्या कोष्टकात तिची जागा तळाच्या ओळींत. व्यापाराच्या भाषेत तिचे नाव पडले 'गालिच्याची लोकर'. मोजमाप बरोबरच होते. पण 'सुटासाठी अयोग्य' याचा अर्थ हळूहळू 'निकृष्ट' असा होऊन बसला.

११/
आता 'सुपर'कडे. १९६०च्या दशकात हडर्सफील्डच्या जोसेफ लम्ब अँड सन्स या सूतगिरणीने अतिशय बारीक मेरिनो लोकरीचा माल 'सुपर १००' या नावाने आणला. शंभराचा आकडा ओलांडणे ही तेव्हाची मोठी मिरवण्याजोगी गोष्ट होती. त्यानंतर स्पर्धा सुरू झाली : १२०, १५०, १८०, २००. एका मालाचे विशेषण पाहता पाहता साऱ्या बाजाराची शिडी झाले.

१२/
या शिडीला शिस्त लावली आंतरराष्ट्रीय लोकर वस्त्रोद्योग संघटनेने. तिच्या संहितेनुसार तंतूची सरासरी जाडी जास्तीत जास्त इतकी असावी :
सुपर ८० : १९.७५ मायक्रॉन
सुपर १०० : १८.७५
सुपर १२० : १७.७५
सुपर १५० : १६.२५
सुपर १८० : १४.७५
सुपर २०० : १३.७५
दर दहा अंकांमागे अर्धा मायक्रॉन कमी, इतका सरळ हिशेब. अमेरिकेने २००६ साली आपल्या लोकर-लेबल कायद्यात याच मर्यादा घातल्या.

१३/
म्हणजे 'सुपर १००' आणि 'सुपर १२०' यांच्यात अंतर फक्त एका मायक्रॉनचे, माणसाच्या केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही कमी. आणि हा अंक फक्त सरासरी जाडी सांगतो. तंतूची लांबी, त्याची ताकद, धाग्याचा पीळ, विणीची घट्टाई, कापडाचे वजन, रंगाचा टिकाऊपणा यांतले काहीही सांगत नाही. चांगला गिरणीवाला 'सुपर १००'मध्ये जे साधतो, ते निष्काळजी गिरणीवाल्याला 'सुपर १५०'मध्येही साधत नाही.

१४/
बारीक तंतू जात्याच नाजूक. 'सुपर १५०' वा त्यापुढचे कापड हाताला रेशमासारखे लागते, पण ते लवकर चुरगळते आणि विजारीच्या बैठकीपाशी व मांड्यांपाशी लवकर झिजते. वर्षातून दोन-तीन समारंभांना घालायचा सूट असेल, तर ते शोभेल. रोज कचेरीत वा न्यायालयात घालायचा असेल, तर 'सुपर १००' ते 'सुपर १२०' हेच शहाणपणाचे. मोठा अंक म्हणजे अधिक टिकाऊ कापड, ही समजूत वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे.

१५/
सोलापूरच्या ग्राहकाने तर अंकाआधी वजन आणि वीण विचारावी. चाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या उन्हात प्रश्न हवा खेळण्याचा असतो. दर चौरस मीटरला २५० ग्रॅमच्या आसपासचे, साध्या विणीचे, चांगला पीळ दिलेल्या धाग्याचे कापड येथे सुसह्य. घट्ट विणीचे जड कापड मोठ्या अंकाचे असले, तरी वैशाखात नवरदेवाची परीक्षाच पाहणार.

१६/
आणखी एक सावधगिरी. त्याच संहितेप्रमाणे 'सुपर' हा शब्द शुद्ध नव्या लोकरीच्या कापडासाठीच आहे. काश्मिरी, मोहेर, रेशीम यांची जोड चालते, थोडा ताणदार धागाही चालतो. पण टेरीवूल किंवा पॉली-व्हिस्कोस कापडाच्या काठावरही बाजारात 'सुपर' छापलेले सर्रास दिसते. तेथे त्या अंकाला काही अर्थ नाही. काठावरील अंकापेक्षा घटकांची टक्केवारी आधी वाचावी.

१७/
येथपर्यंत खरेदीचे शहाणपण झाले. इतिहासाचा प्रश्न पुढेच आहे. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला. सांगोला, मंगळवेढा, माळशिरस हे मेंढपाळांचे मुलूख. 'सोलापुरी' हा दख्खनी मेंढीचा एक नोंदलेला उपप्रकारच आहे. ही मेंढी खुरट्या गवतावर जगते, मैलोन्मैल चालते, ऊन-पाऊस सोसते. तिच्या राठ केसांवरून पाणी निथळते. मेरिनो ज्या बारकाईसाठी नावाजली, ती बारकाई या माळरानावर मेंढीच्या काय कामाची?

१८/
१८८४ साली प्रसिद्ध झालेल्या सोलापूर जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये सणगर या लोकर विणणाऱ्या समाजाची स्वतंत्र नोंद आहे. धनगरांतील खुटेकरही विणकामाशी जोडलेले. लोकर कातरायची, पिंजायची, चरख्यावर कातायची, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायची, मग मागावर विणायचे. कताई बहुधा घरातील स्त्रियांच्या हातची. चिंचोक्याच्या खळीने राठ धाग्याला असा कडकपणा येतो की तो मागावरचे घर्षण सोसतो. गिरणीला नको असलेल्या तंतूसाठी शोधलेला हा सर्वस्वी स्थानिक उपाय होता.

१९/
आणि धनगरांना बारकाई कळत नव्हती, असे मुळीच नाही. मेंढीच्या पिलाची पहिली कातरण म्हणजे 'जावळ'. ती सर्वांत मऊ आणि बारीक. जावळाची घोंगडी वेगळी ओळखली जाते आणि तिचा भावही अधिक. तान्ह्या बाळाच्या पहिल्या केसांना मराठीत जो शब्द, तोच या लोकरीला. ब्रॅडफर्डच्या कारागिराप्रमाणेच हीही बोटांनी केलेली प्रतवारीच होती. फरक एवढाच की ब्रॅडफर्डच्या बोटांमागे गिरणी, बाजार आणि साम्राज्य होते. म्हणून तिचे कोष्टक झाले आणि जावळ हा बोलीतला एक शब्द राहिला.

२०/
घोंगडीची गुणवत्ता वेगळ्या प्रश्नांनी मोजली जात असे. पावसात खोळ करून डोक्यावर घेतली, तर पाणी किती वेळ थोपवते? थंडीत रानात पांघरली आणि खडकावर अंथरली, तर किती वर्षे टिकते? लोकर आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही ओली वाटत नाही. मात्र एकदा पुरती भिजली की जड होते आणि वाळता वाळत नाही. 'भिजत घोंगडे' हा वाक्प्रचार उगाच रूढ झालेला नाही. मराठी भाषेने हे पदार्थविज्ञान केव्हाच टिपून ठेवले आहे.

२१/
असेच काही कापसाच्या बाबतीतही घडले होते. अमेरिकी यादवीच्या काळात (१८६१ ते १८६५) लँकेशरला भारतीय कापसावर विसंबावे लागले. तो आखूड तंतूचा कापूस तेथील यंत्रांवर तुटे, म्हणून 'सुरत' हे नाव गिरणी-कामगारांच्या तोंडी जवळजवळ शिवीसारखे झाले. वास्तविक ढाक्याची जगप्रसिद्ध मलमल आखूड तंतूच्याच कापसापासून हाताने कातली जात होती. यंत्राची अडचण ही तंतूचा दोष म्हणून नोंदली गेली. लोकरीच्या कोष्टकाकडे याच नजरेने पाहावे लागते.

२२/
स्वातंत्र्यानंतरही ही नजर लगेच बदलली नाही. लोकर 'सुधारण्या'साठी दख्खनी मेंढीचा मेरिनोसारख्या विदेशी जातींशी संकर करण्याचे सरकारी प्रयोग झाले. पण माळरानावर चालणाऱ्या कळपाला टिकाऊ मेंढी हवी असते, बारीक लोकरीची नव्हे. पुढे दख्खनी मेंढीच्या स्वतःच्या गुणांवर निवड-पैदाशीचे कामही सुरू झाले. राज्याच्या मेंढी व शेळी विकास महामंडळाचे एक प्रक्षेत्र याच जिल्ह्यात सांगोला तालुक्यातील महूद येथे आहे.

२३/
आजची स्थिती अशी की लोकर कातरण्याची मजुरी लोकरीच्या भावाहून अधिक पडते. कित्येक मेंढपाळ कातरलेली लोकर टाकून देतात. स्वस्त कृत्रिम ब्लँकेटने घोंगडीची बाजारपेठ खाल्ली आणि कळपांचा कल मांसासाठी वाढणाऱ्या माडग्याळसारख्या मेंढीकडे झुकला. लोकर गेली की कताई जाते, कताई गेली की माग थांबतो आणि चिंचोक्याची खळ नेमकी किती दाट असावी, हे जाणणारा शेवटचा हातही जातो. गेलेले हे कसब कोणत्याही अभिलेखागारात सापडणार नाही.

२४/
यावर एक आक्षेप रास्त आहे. ३० मायक्रॉनपेक्षा जाड तंतूंचे प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास गेले की कापड त्वचेला टोचू लागते, हे शास्त्रीय सत्य आहे. दख्खनी लोकरीचा सूट कोणी शिवणार नाही, शिवूही नये. केवळ अभिमानापोटी घोंगडीला मेरिनोच्या बरोबरीला बसवणे, हाही इतिहासाशी अप्रामाणिकपणाच ठरेल. धनगरी जीवन खडतर होते. त्यातून बाहेर पडून शिकू पाहणाऱ्या तरुणाला 'परंपरा जप' असे सांगण्याचा अधिकार शहरातल्या रसिकाला नाही.

२५/
पण या आक्षेपाने मूळ मुद्दा खोडला जात नाही. सुटाच्या कोष्टकात घोंगडी नापास होते, हे ठीक. घोंगडीच्या कसोटीला 'सुपर १५०' लावले, तर तेही पहिल्याच पावसात नापास होईल. मात्र यातील एकच कसोटी छापली गेली, कायद्यात शिरली आणि पाठ्यपुस्तकात गेली. दुसरी कसोटी जाणणाऱ्यांना कोणी विचारलेच नाही. जाड लोकरीला गालिचे, आसने, उष्णतारोधक थर, पिशव्या असे तिच्या गुणांना साजेसे उपयोग आहेत. तिला फक्त 'बारीक नसलेली लोकर' मानले, तर ते सुचणारच नाहीत.

२६/
रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाची आणि गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांसारख्या दैवतांची पाळे-मुळे गवळी-धनगरांच्या जीवनात शोधली, तेव्हा पंढरपूरकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. देवांच्या इतिहासात मेंढपाळाला मिळालेली ती जागा वस्त्रांच्या इतिहासात अजून मिळायची आहे. सोलापूरचा वस्त्रेतिहास गिरणी, चादर आणि टॉवेल यांपाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. माळरानावरची लोकर त्यात जेमतेम तळटिपेपुरती येते.

२७/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी यात एक सवय लावून घेण्यासारखी आहे. जुन्या कागदांत 'उत्तम', 'मध्यम', 'कनिष्ठ' असा शेरा दिसला की तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी मोजले? कोणत्या कामासाठी मोजले? आणि ज्याचा माल मोजला गेला, त्याची स्वतःची कसोटी काय होती? जमिनीची प्रत, कापसाची प्रत, बैलाची प्रत, सगळीकडे हे प्रश्न लागू पडतात.

२८/
सुटाचे कापड घेताना काठावरचा अंक अवश्य वाचावा. तो तंतूची जाडी खरेपणाने सांगतो, त्याहून अधिक त्याच्याकडून अपेक्षू नये. आणि सांगोला-मंगळवेढ्याच्या बाजूला ज्यांचे आजोळ असेल, त्यांनी या दिवाळीत घरातल्या ट्रंकेतील जुनी घोंगडी बाहेर काढावी. ती कोणी विणली, लोकर कोणाच्या कळपाची, ती जावळाची आहे का, हे घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून लिहून ठेवावे. हे सांगू शकणारी माणसे फार उरलेली नाहीत.

(थ्रेड समाप्त)